नियमात नसलेली काठी

मी एक जुनी काठी आहे. जुनी म्हटलं की तुम्हाला वाटेल, वाकलेली किंवा किडलेली असेल. तसं काही नाही, मित्रांनो. माझं एकही पेर चिरलेलं नाही, आणि खालची लोखंडी शेंबी दगडावर आपटली तर आजही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते. इतकी धडधाकट असून मी सदा फुरंगटलेली का असते, तेच सांगायला बसले आहे. स्पष्टच सांगते. मी एका शिट्टीवर जळते. तुमच्या करंगळीएवढी ती शिट्टी, गळ्यात दोरी, पोटात एक वाटाणा. तिच्याकडे पाहिलं की माझ्या अंगातलं सगळं तेल कढतं.

पण आधी माझं घराणं ऐका, म्हणजे माझा राग तुम्हाला रास्त वाटेल.

सोनाळ्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी, सहदेवबाबांच्या शेताच्या बांधावर बांबूचं एक बेट होतं. तिथे मी वाढले. सहदेवबाबांची लेक कलाबाई अमडापूरला दिलेली होती. जावयाचं नाव इंद्रभान. त्याला अमडापूरच्या जिनिंगवर, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यावर, रखवालदाराचं काम लागलं. ही बातमी घेऊन कलाबाई माहेरी आली, तेव्हा बाबांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं, कोयता घेतला आणि थेट बेटात शिरले. एकेक बांबू ठोकत, हलवत ते शेवटी माझ्यापाशी थांबले. मी भरीव होते, सरळ होते आणि माझी पेरं जवळजवळ होती. मला धुरावर शेकलं, माझा उरलासुरला बाक काढला, मला तेल पाजलं, आणि लोहाराकडून शेंबी ठोकून घेतली.

"जावायाले देजो," बाबा लेकीला म्हणाले. "म्हणा, रखवालदाराच्या हातात काठी नसली तं त्याले बकरीबी भेत नाई."

एसटीत मी कलाबाईच्या मांडीवर आडवी पडून आले. कंडक्टर म्हणाला, "वहिनी, इचं अर्ध तिकीट काढू का?" सगळी गाडी हसली. मला मात्र मान मिळाल्यासारखं वाटलं. म्हणजे पाहा, कलाबाई आणि मी एकाच गावच्या, एकाच गाडीने सासरी आलेल्या. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

जिनिंगच्या फाटकावर मग आमचे दिवस सुरू झाले. हंगामात कापसाच्या गाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग वडाच्या झाडापर्यंत जायची. कोणी मध्येच घुसला तर इंद्रभान काही बोलत नसे, मला आडवी धरत असे. गाडीतला कापूस खायला शेळ्या टपलेल्या असत, त्यांना मी नुसती दिसले तरी पुरे. कापसात कोणी पाणी मारलं आहे का, खाली दगड घातले आहेत का, हे पाहायला इंद्रभान मला गाडीत खोल खुपसायचा. सरकीची पोती भिंतीवरून पळवणाऱ्या एकाच्या नडगीवरही मी एकदा बसले आहे. त्याबद्दल जास्त बोलत नाही, तुम्ही लहान आहात. जिनिंगचे मालक गोपालशेठ चारचौघांत म्हणायचे, "इंद्रभानची काठी वाजून राह्यली ना, मंग मले घरी डोळा लागते." अशी वाक्यं काठी विसरत नाही.

फाटकाच्या उजव्या लोखंडी खांबाला मी टेकून उभी राहत असे. इतकी वर्षं एकाच जागी टेकले की त्या खांबाचा रंग जाऊन तिथे माझ्या मापाची एक खाच पडली. ती माझी जागा. कोणी तिथे छत्री टेकवली तरी इंद्रभान ती उचलून दुसरीकडे ठेवायचा.

आणखी एक गोष्ट आम्हा दोघांतच होती. गेल्या काही वर्षांत इंद्रभानचा डावा गुडघा कुरकुरायला लागला होता. उठताना तो माझ्यावर भार टाकायचा. आधी थोडा, मग बराच. कलाबाईलाही ते कळलं नव्हतं, कारण लोकांसमोर तो मला नुसती शोभेला धरल्यासारखा चालायचा. मला मात्र किती भार पडतो ते नेमकं कळायचं. वाईट वाटायला हवं होतं, पण मी सुखावत होते. त्याला माझी गरज होती, आणि ती दिवसेंदिवस वाढत होती.

मग परवान्याचं प्रकरण आलं.

जिनिंगचा विमा उतरवणाऱ्या माणसांनी गोपालशेठना विचारलं की फाटकावरचा माणूस कोणत्या सुरक्षा एजन्सीचा आहे आणि त्या एजन्सीकडे सरकारी परवाना आहे का. शेठनी इंद्रभानला बोलावून घेतलं. फाटक आता परवाना असलेल्या एजन्सीकडे द्यायचं ठरलं होतं. ती एजन्सी गावातल्याच धम्मरत्नची होती. धम्मरत्न लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेला, आणि चिखलीला त्याने दोन खोल्यांचं ऑफिस टाकलेलं. शेठ म्हणाले, "तू धम्मरत्नकडं नाव लाव. त्यानं तुले पाठवलं की फाटक तुहंच."

म्हणजे ज्या फाटकावर आयुष्य गेलं, तिथेच उभं राहायला इंद्रभानला आता नव्याने पात्र ठरायचं होतं. नाही ठरला तर फाटक जाणार होतं.

आम्ही चिखलीला गेलो. ऑफिसात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर मधोमध एक चौकट दिसली. आत एक कागद. मला वाटलं कोणा थोर माणसाचं मानपत्र असेल. तोच परवाना होता. तो सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचा, असाही नियम आहे म्हणे. मला त्या कागदाचाही थोडा हेवा वाटला. मी मात्र कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्याशेजारी.

"जयभीम, भाऊ. बसा," धम्मरत्न म्हणाला. "आता सगळं कायद्यानं हाये. हा परवाना भेटाले किती चकरा मारल्या ते माहं मले माहीत. माही चौकशी झाली, मंग एजन्सीची झाली. आता फाटकावर जो माणूस मी उभा करीन, त्याचीबी पोलीस चौकशी होईन. त्याचं ट्रेनिंग होईन. डोळे, कान तपासतीन. अन् एक किलोमीटर सहा मिनिटात धावता आलं पाह्यजे."

"धावाले कायले लागते?" इंद्रभान म्हणाला. "मी फाटकावर बसून राह्यतो. चोरच माह्याकडं येते."

धम्मरत्न हसला, पण नियम हसला नाही. त्याने एक कागद काढून वाचायला घेतलं. ड्युटीवरच्या रखवालदाराच्या अंगावर काय काय हवं, ते त्यात होतं. मी कान टवकारले. दंडावर एजन्सीचा बिल्ला. ठीक. छातीवर हुद्द्याचा बिल्ला. ठीक. कपडे पोलिसासारखे किंवा लष्करासारखे दिसता कामा नयेत. म्हणजे इंद्रभानचा जुना खाकी सदरा गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट एक भागीदार कमी झाला. डोक्याला टोपी. पायात लेस असलेले बूट. फोटो लावलेलं ओळखपत्र. जवळ वही आणि पेन. आणि डाव्या खिशात दोरीला बांधलेली शिट्टी.

मी वाट पाहत राहिले. धम्मरत्नने कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"अन् काठी?" इंद्रभानने विचारलं.

"काठीचं काई लिहेल नाई, भाऊ."

मित्रांनो, त्या यादीत बुटाच्या लेस होत्या. खिसा कोणत्या बाजूचा, तेही होतं. आणि सातपुड्याच्या पायथ्याची, तेल प्यालेली, इतकी वर्षं फाटक सांभाळलेली मी त्यात कुठेच नव्हते. धम्मरत्नने खण उघडला, एक नवी चकचकीत शिट्टी काढली आणि इंद्रभानच्या तळहातावर ठेवली. "घरी सराव करा," म्हणाला. त्या तळहातावर माझ्यामुळे पडलेले घट्टे होते. त्या घट्ट्यांवर ती बया लोळत होती.

घरी येऊन इंद्रभानने तिच्यात पहिली फुंकर मारली. नुसती फुस्स. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पण तो हट्टाला पेटला. अंगणात, गोठ्यात, आंघोळीच्या दगडावर, जिथे पाहावं तिथे शिट्टी. आठवडाभरात ती अशी वाजायला लागली की शेजारचं वासरू दावं तोडून पळालं. रात्री तो तिला उशाशी ठेवायचा. उशाशी. मला इतक्या वर्षांत दाराच्या आत घेतलं होतं तेही पावसाळ्यापुरतं.

मग पोलीस चौकशीचा दिवस आला. धम्मरत्नने आधी सांगून ठेवलं होतं, पण दारात खरोखर पोलिसाची मोटारसायकल थांबली तेव्हा इंद्रभानच्या डोक्यातून सगळं उडालं. त्याला एकदम ती सरकीचोराची नडगी आठवली. त्याने मला उचललं आणि छपराच्या पत्र्याखाली कोंबलं. मी अंधारात, जळमटांत, आणि शिट्टी त्याच्या छातीवर ऐटीत लोंबत.

"इंद्रभान कोन?" पोलिसाने विचारलं.

"मीच. माह्यापाशी काठीबिठी काई नाई, साहेब."

"मी काठी कुठी इचारली?"

तोवर अर्धी गल्ली दाराशी जमली होती. कलाबाई चहा घेऊन आली आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "नोकरीची चौकशी हाये ते. तुम्ही घाबरून काऊन राह्यले?" पोलिसाने शेजारच्यांना दोनचार प्रश्न विचारले, चहा प्यायला आणि गेला. इंद्रभानच्या नावावर काही नव्हतं. सगळे हसले, तोही हसला. मला मात्र संध्याकाळपर्यंत कोणी खाली काढलं नाही. माझ्या मालकाने भर लोकांत मला नाकारलं होतं, आणि कोणी विचारलेलं नसताना. पत्र्याखालच्या उकाड्यात मी ठरवलं की या शिट्टीचं कधीही भलं चिंतायचं नाही.

राहिलं होतं धावणं. पहाटे पांदणीच्या, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या, रस्त्याने सराव करायचा असं ठरलं, पण इंद्रभान दारातच अडखळला.

"मी एकटा नाई धावत," तो कलाबाईला म्हणाला. "लोकं म्हणतीन, इंद्रभानले येड लागलं."

"मंग?"

"तूबी चाल. दोघं असलो तं म्हणतीन, फिराले जाऊन राह्यले."

कलाबाई पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. पण गेली. त्यांची लेक पायल लग्न होऊन बुलढाण्याला गेली होती, तिचे शाळेतले बूट माळ्यावर होते. ते कलाबाईने पायात घातले, लुगडं वर खोचलं, आणि रोज पहाटे दोघं पांदणीने धावू लागली. मी दाराशी. त्यांच्या पावलांचा आवाज लांब जायचा आणि मग परत यायचा. जाताना दोन जणांची पावलं सारखी पडत. येताना एकाची जड, एकाची हलकी. जड कोणाची, ते मी ओळखत होते. मनात म्हणत होते, पळ बाबा पळ, किती पळशील, शेवटी भार टाकायला माझ्याकडेच येशील. इतकी मी जळत होते.

चाचणीचा दिवस उजाडला. पक्कं प्रशिक्षण बुलढाण्याला व्हायचं होतं, पण त्याआधी आपला माणूस धावू शकतो का, ते धम्मरत्नला गावातच पाहायचं होतं. त्याने मोटारसायकलवरून अंतर मोजलं. विहाराच्या कमानीपासून निघायचं आणि जिनिंगच्या फाटकापर्यंत पोचायचं. किलोमीटर तिथेच भरत होता. इंद्रभानला बरं वाटलं. आपल्याच फाटकाकडे धावायचं होतं.

कमानीशी उभं राहून त्याने मला कलाबाईच्या हातात दिलं. शिट्टी अर्थातच त्याच्या खिशात राहिली. "मागं पाहू नका, भाऊ. पाय हलवत राहा," असं सांगून धम्मरत्न मोटारसायकलवर फाटकाकडे गेला, आणि घड्याळात ठरलेल्या मिनिटाला गावातल्या कोणीतरी हात खाली केला.

सुरुवातीला कलाबाई नुसती कडेकडेने चालत होती. मग सवयीने तिची पावलं धावायला लागली. रोज दोघं बरोबरच धावत ना. दवाखान्याच्या वळणापर्यंत दोघं खांद्याला खांदा लावून होती. तिथे इंद्रभान धापा टाकत म्हणाला, "तू हो म्होरं. मी आलोच." ती झाली पुढे. मी तिच्या उजव्या हातात, माझी शेंबी वाऱ्याला. तिने मागे वळून पाहिलं नाही, कारण धम्मरत्नने पाहू नका म्हणून सांगितलं होतं आणि तिला वाटत होतं की ते सांगणं आपल्यालाही लागू आहे. वडाचं झाड गेलं. रांगेतल्या गाड्या गेल्या. आणि आम्ही फाटकाशी पोचलो. शेंबी खांबावर आपटली, माझ्याच खाचेवर.

धम्मरत्नने घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"वहिनी, भाऊ कुठी हाये?"

तेव्हा कलाबाई वळली. रस्त्यावर, दवाखान्याच्या जरा अलीकडे, इंद्रभान दोन्ही हातांनी गुडघा धरून उभा होता.

मी शर्यत पुरी केली आणि त्याने केली नाही. मित्रांनो, तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल. झाला, पण क्षणभरच.

तो चालत आला, लंगडत. आल्यावर पहिलं काय केलं असेल, तर कलाबाईच्या हातातून मला घेतलं आणि सगळा भार टाकला. सगळ्यांदेखत. इतकी वर्षं जे झाकलं होतं, ते उघडं पडलं.

"धम्मा," तो म्हणाला, एजन्सीत नाव लावल्यापासून साहेब म्हणायचा, आज म्हणाला नाही, "एवढं चालवून घे न बाप्पा."

धम्मरत्नने मान खाली घातली. "भाऊ, तुमच्यासाठी नियम वाकवला अन् उद्या कोनी पाह्यलं, तं परवाना रद्द होईन. मंग माह्याकडची सगळी माणसं घरी बसतीन. अन् भाऊ, उद्या जिनिंगले आग लागली, तं ह्या गुडघ्यानं तुम्ही कितीक पळसान?"

मग धम्मरत्न कलाबाईकडे वळला आणि अडखळत म्हणाला, "वहिनी, तुम्ही सहा मिनिटाच्या आत आल्या. लुगड्यात अन् हातात काठी घेऊन. जिनिंगवर एवढ्या बाया कामाले येते, त्यायच्या थैल्या तपासाले बाई पाह्यजे, असं शेठ मले कधीचे म्हणून राह्यले. फाटकावर तुम्हीच उभ्या राहा."

"यायच्या जागेवर मी बसू?" कलाबाई म्हणाली. "नाई जमत मले." आणि ती घराकडे चालू लागली.

पुढचे काही दिवस त्या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. चहा ठेवलेला तसाच थंड व्हायचा. कलाबाई पायलचे बूट माळ्यावर टाकून आली, तर इंद्रभान म्हणाला, "ठेव खालीच, तुले लागतीन," आणि ते असं म्हणाला की तिचे डोळे भरून आले. शिट्टी अजून त्याच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात होती. वाजवत नव्हता, काढूनही ठेवत नव्हता. दिवसभर ओट्यावर बसून मला मुठीत आवळायचा. ती मूठ मी ओळखली. हेवा कसा असतो, हे मला कोणी शिकवायला नको. तो आपल्या बायकोवर जळत होता, आणि जळतो म्हणून स्वतःवर चिडत होता. आम्ही दोघं एका ओट्यावर, एकाच दुखण्याने आजारी.

एका संध्याकाळी कलाबाई सुपात ज्वारी निवडत बसली होती. इंद्रभान अचानक म्हणाला, "तू सहा मिनिटाच्या आत गेली."

"मले काय माहीत," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "तुम्ही मागंच हाये, असं समजून पळत होती मी. मागं वळून पाह्यलं असतं तं तथीच थांबली असती."

इंद्रभान माझ्यावर भार देऊन उठला, तिच्यापर्यंत गेला आणि खिशातून शिट्टी काढली. दोरी सोडवायला त्याला वेळ लागला, कारण गाठ त्यानेच घट्ट मारलेली होती.

"नाई पाह्यलं तेच बरं केलं," तो म्हणाला. "धर. डाव्या खिशात ठेवतात हिले. तुह्या कपड्याले खिसा नसन तं जाकीरले सांगजो, मोठा शिव म्हणा." जाकीर म्हणजे बाजारातला शिंपी.

कलाबाईने शिट्टी हातात घेतली. मग हुंदका देऊन रडली, आणि तो उभ्या उभ्या तिच्या डोक्यावर हात ठेवून राहिला. दुसरा हात माझ्यावर होता. खरं सांगते, त्या घटकेला मला शिट्टीचा हेवा वाटला नाही. घटकाभरच.

कलाबाई बुलढाण्याला जाऊन प्रशिक्षण पुरं करून आली. तिचीही पोलीस चौकशी झाली, या वेळी मला कोणी लपवलं नाही. जाकीरने निळसर सदरा आणि पॅन्ट शिवली, दंडावर बिल्ला, डाव्या बाजूला मोठा खिसा. पॅन्ट घालून गल्लीतून जायला तिला धावण्याहून अवघड गेलं. इंद्रभान पहिल्या दिवशी तिच्या दोन पावलं पुढे चालला, म्हणजे हसणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर पडावी. कोणी हसलं नाही.

आणि मला हवं होतं ते मिळालं. इंद्रभान पूर्ण माझा झाला. फाटक नाही, शिट्टी नाही, पहाटेचं धावणं नाही. पण तो उठेचना. आम्ही दोघं भिंतीला टेकून असायचो, तो इकडे आणि मी तिकडे. माझ्या शेंबीपासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं आणि ते कितीतरी दिवस कोणी मोडलं नाही, म्हणजे पाहा. सकाळी जिनिंगकडून शिट्टी ऐकू यायची. त्याची मान वर व्हायची आणि पुन्हा खाली जायची. जिंकून मी काय मिळवलं होतं, तर एक बसलेला माणूस.

मग एक दिवस कलाबाई जेवणाचा डबा घरी विसरून गेली.

इंद्रभानने डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. इतकी वर्षं ती त्याचा डबा फाटकावर आणून द्यायची, ऊन असो की चिखल. तो उठला, जाळं तुटलं. डब्याची पिशवी माझ्या टोकाला अडकवली, मला खांद्यावर टाकलं, आणि दवाखान्याच्या वळणावर गुडघा कुरकुरला तेव्हा पिशवी हातात घेऊन मला जमिनीवर टेकवलं. असे आम्ही वडाखालून फाटकाशी आलो. ट्रॅक्टरांची रांग लागलेली होती.

"थांबा," कलाबाई म्हणाली. टोपी, बिल्ला, लेस आवळलेले बूट. "नाव काय?"

"कले, मी हाय व."

"ड्युटीवर कले नाई. नाव सांगा. कोनाले भेटाचं हाये?"

रांगेतली माणसं पाहू लागली. इंद्रभानचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याच्या मिशा हलल्या.

"इंद्रभान," तो म्हणाला. "माह्या बायकोले भेटाचं हाये. भुकेली असन ते."

ट्रॅक्टरवाले हसले, पण ते हसणं चांगलं होतं. कलाबाईही ओठ दाबत होती. तिने त्याच्याकडे वही सरकवली, त्याने सही केली. मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"आत काठी नाई चालत. ते इथंच ठेवा."

आमच्या सोनाळ्याची ती, एका गाडीने माझ्याबरोबर आलेली, आणि मलाच अडवत होती. मी रागाने ताठ झाले. पण इंद्रभानने मला उजव्या खांबाला टेकवलं, आणि मी माझ्या खाचेत अलगद बसले. इतके दिवस ती खाच रिकामीच होती. तिथे कलाबाईने कोणाला छत्रीही ठेवू दिली नव्हती, हे मला मागाहून कळलं.

त्यानंतर कलाबाई रोज डबा विसरते. पहिल्या दिवशी ती खरंच विसरली असेल. पुढचं मला तरी खरं वाटत नाही, पण इंद्रभानला वाटतं, आणि तो रोज सकाळी आंघोळ करून, केस विंचरून डब्याची वाट पाहतो.

मित्रांनो, माझं ऐका. तुमच्या घरात एखादी जुनी काठी असेल, किंवा काठीसारखं जुनं माणूस असेल, तर त्याला नुसतं तेल लावून कोपऱ्यात नीट ठेवू नका. ती काळजी नव्हे. त्याच्या टोकाला काहीतरी अडकवा. डबा अडकवा, पिशवी अडकवा, एक चक्कर अडकवा. कुणाच्या तरी फाटकापर्यंत त्याला जाऊ द्या.

शिट्टीवर मी अजून जळते, ते काही सुटलेलं नाही. कायद्यात तिचं नाव आहे आणि माझं नाही, ते तसंच राहणार. पण दुपारी जेवणाची सुट्टी होते तेव्हा बदलीवर हैदर नावाचा पोरगा फाटकाशी येतो. कलाबाई आणि इंद्रभान आतल्या कडुलिंबाखाली डबा उघडतात. कलाबाईच्या खिशातली शिट्टीही मग तिच्याबरोबर आत जाते, भाकरीच्या वासात गप्प बसते. हैदर इकडे तिकडे पाहतो, मला खांबापासून उचलतो आणि दगडावर दोनदा आपटतो. शेळ्या मागे सरतात. तेवढा वेळ फाटक माझं असतं.